आधी पाणी मागा

रविवारच्या उपासनेत तुमची बसायची जागा ठरलेली असेल, प्रार्थनेतले शब्द ठरलेले असतील आणि उपासना सुटल्यावर ज्यांच्याशी बोलता ती चार घरंही ठरलेली असतील, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. लोहा, कंधार, अहमदपूर या पट्ट्यात ख्रिस्ती कुटुंबं थोडी आणि विखुरलेली. कुठे पत्र्याच्या खोलीत मंडळी जमते, कुठे कुणाच्या ओसरीवर. इतक्या थोड्या माणसांनी एकमेकांना धरून राहावं यात गैर काही नाही. आजारपणात, लग्नकार्यात, मातीला हीच माणसं येतात. पण वर्षानुवर्षं आपण फक्त आपल्याच माणसांत राहिलो की विश्वास रविवारचा होतो. बाकीचे सहा दिवस आपण शेतात, दुकानात, शाळेत असतो आणि तिथे आपण कोण आहोत हे कुणाला कळतही नाही.

‘कम्फर्ट झोनमधून बाहेर या’ असं पाळकांनी सांगितलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं. चौकात उभं राहून बोलायचं, पत्रकं वाटायची, अनोळखी दारं वाजवायची. ज्यांना बोलता येतं ते उत्साहाने तयार होतात, बाकीचे मान खाली घालतात. मान खाली घालणाऱ्यांमध्ये तुम्ही असाल तर घाबरू नका. पवित्र शास्त्रात बाहेर पडण्याची जी रीत दिसते तिची सुरुवात बोलण्यापासून होत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय पुन्हा वाचा. प्रभू येशू शोमरोनातून जाताना भर दुपारी दमून विहिरीवर बसतो आणि पाणी भरायला आलेल्या परक्या बाईकडे प्यायला पाणी मागतो. यहूदी माणूस शोमरोन्यांशी असा व्यवहार ठेवत नसे. जिवंत पाण्याबद्दलचं बोलणं नंतर आलं. आधी तो तहानलेला पाहुणा होता आणि हंडा तिच्या हातात होता. लूकच्या दहाव्या अध्यायात तो शिष्यांना पाठवतो तेव्हाही थैली नको, झोळी नको, ज्या घरी उतराल तिथे पुढे येईल ते खा, असंच सांगून पाठवतो. म्हणजे यजमान होऊन जायचं नाही, पाहुणा होऊन जायचं. देणाऱ्याचा हात वरच असतो, म्हणून द्यायला फारसं अवघड जात नाही. मागायला वाकावं लागतं. कोण कुणाच्या घरचं पाणी पितो याला आपल्या मराठवाड्यात काय अर्थ आहे, हे मी लिहायला नको.

हे तत्त्व प्रत्यक्षात कसं उतरतं याचं मला माहीत असलेलं सगळ्यात स्पष्ट उदाहरण आपल्या शेजारच्याच अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातलं आहे, बीडच्या हद्दीला लागून असलेल्या जामखेडचं. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले. 1960 मध्ये लग्न झालं, त्याच वेळी खेड्यातल्या गरिबांसाठी आयुष्य द्यायचं असा निश्चय दोघांनी देवापुढे केला. पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि 1970 मध्ये ते जामखेडला आले. मिशनच्या रुग्णालयात काम केल्यावर त्यांना एक गोष्ट खुपत होती. बरे होऊन घरी गेलेले रुग्ण तेच आजार घेऊन पुन्हा दारात येत होते. रुग्णालयाच्या भिंतींच्या आत त्यांची चांगली सोय होती, मान होता. तरी ते गावात जाऊन बसले आणि लोकांना काय हवं ते विचारू लागले.

उत्तर आलं ते दवाखान्याचं नव्हतं. दुष्काळाचे दिवस होते. लोकांना अन्न हवं होतं, पाणी हवं होतं. परदेशी पदव्या घेतलेल्या दोन डॉक्टरांनी मग लेकरांच्या खाण्याची सोय आणि कूपनलिका हेच आपलं काम मानलं. इथे त्यांनी एक मोठी गोष्ट केली. पाणी शोधताना हातपंप दलित वस्तीत बसेल असं पाहिलं, त्यामुळे सवर्ण बायकांना पाण्यासाठी त्या वस्तीत यावं लागलं. भाषण न करता रांग लागली आणि रांगेत शेजार जमला. सुरुवातीला त्यांनी गावागावात शिकलेल्या परिचारिका पाठवल्या होत्या, पण त्या रुळल्या नाहीत. तेव्हा गावातल्याच बायका निवडायचं ठरलं. कित्येक निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्यांना ग्राम आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं. बाळंतपण, लेकरांचा जुलाब, क्षय, कुष्ठरोग यांतलं काम त्या करू लागल्या. 1979 मध्ये दोघा डॉक्टरांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरचे आरोग्य कार्यकर्ते शिकायला जामखेडला येऊ लागले. मला या कथेत पुरस्कारापेक्षा ते पहिले महिने मोलाचे वाटतात, जेव्हा दोन तज्ज्ञ माणसं आपलं ज्ञान बाजूला ठेवून ऐकत बसली होती.

तुम्ही डॉक्टर नसाल. पण ऐकत बसायला पदवी लागत नाही. म्हणून पहिलं काम असं करा. एका वहीत आपल्या गल्लीतली, शेताच्या बांधाला लागून असलेली, दुकानाशेजारची अशी घरं लिहा ज्यांच्याकडे तुम्ही कधी पाणीही प्यायलेलं नाही. त्यातलं एकच घर निवडा. अनेक निवडू नका, उत्साह वाटून जातो आणि कुठलंच घर जवळ येत नाही. त्या घरी काहीतरी मागायला जा. खरोखर लागणारी वस्तू मागा: पेरणीच्या वेळी एखादं अवजार, लेकरासाठी मागच्या वर्षीची पुस्तकं, लोणच्याची रीत, फवारणीबद्दलचा सल्ला. सोयाबीनवर कोणती कीड आली आहे हे शेजारच्या जुन्या शेतकऱ्याला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं, आणि विचारलेलं त्याला आवडतं. चहा पुढे आला तर घ्या. त्या दिवशी विश्वासाबद्दल एक शब्दही बोलू नका. महिन्याभरात पुन्हा जायला निमित्त मिळेलच, कारण घेतलेलं परत करावं लागतं.

सणासुदीला प्रश्न येतो प्रसादाचा. याबाबत मंडळ्यांमध्ये मतं वेगळी आहेत आणि तुमच्या विवेकाविरुद्ध जा असं मी म्हणणार नाही. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिताना या प्रश्नाला दोन्ही बाजूंनी हात घातला आहे, पहिल्या पत्राचे आठवा आणि दहावा अध्याय घरी बसून शांतपणे वाचा. मात्र घ्यायचा नसेल तर नाही म्हणण्याचीही रीत आहे. ताट घेऊन आलेली माऊली दारात उभी असताना तिला तुमचं तत्त्वज्ञान सांगू नका. हात जोडा, ‘मावशी, आमच्यात हे घेत नाहीत, राग मानू नका, पण आत या, बसा’ असं म्हणा आणि चहा टाका. तिच्या श्रद्धेचा अपमान करून आपला विश्वास उजळत नाही. तसंच माळेगावच्या यात्रेचं. खंडोबाची ही यात्रा आपल्या लोहा तालुक्याची मोठी ओळख, मार्गशीर्षात जनावरांचा बाजार भरतो, सगळा मुलूख लोटतो. ‘आपलं तिथे काय काम’ म्हणून त्या दिवसांत दार लावून बसणारी ख्रिस्ती घरं आहेत. भंडारा उधळू नका, पण शेजाऱ्याने बैलजोडी विकायला नेली असेल तर त्याच्याबरोबर बाजारात उभं राहायला काय हरकत आहे? तिथे पत्रकं घेऊन मात्र जाऊ नका. दुसऱ्याच्या घरच्या सणात आपलं दुकान मांडणारा पाहुणा कुणालाच नको असतो.

मग बोलायचं कधी? विचारतील तेव्हा. विचारतात, हा अनुभवाचा भाग आहे. ‘तुम्ही येशूचे ना?’ असा प्रश्न कधीतरी येतोच. त्या क्षणी कित्येक जण एकतर गडबडून विषय बदलतात, नाहीतर दूरचित्रवाणीवरच्या प्रवचनकाराच्या हिंदी-इंग्रजी शब्दांत सुरू होतात. त्यासाठी आधीच तयारी करा. आपल्या आयुष्यात प्रभूने काय केलं ते पाच-सहा वाक्यांत, आपण घरात बोलतो त्याच भाषेत कागदावर लिहा. ‘आशीर्वादित’, ‘अभिषेक’, ‘विजयी जीवन’ असले शब्द काढून टाका आणि उरेल ते वाचा. दारू कशी सुटली, नवऱ्याच्या आजारपणात कोण धावून आलं, भावकीतलं वैर कसं मिटलं, हे सांगता आलं पाहिजे. ते आधी मंडळीत बोलून पाहा. ज्यांनी कधी तोंड उघडलं नाही अशा बायकांना आणि तरुणांना पाळकांनी महिन्यातून एकदा पाच मिनिटं द्यावीत, माइक नको, बसल्या जागेवरून चालेल.

भाषेच्या बाबतीत रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचं ऋण आपण विसरतो. त्यांची गीतं आपण दर रविवारी गातो, पण त्यांनी काय ओलांडलं याचा विचार करत नाही. मिशनच्या काळात उपासनेत परदेशी चालींचं वजन होतं. टिळकांनी अभंग, ओवी, भजन, कीर्तन यांना तिथे हक्काची जागा मिळवून दिली. आणि ते स्वतः ख्रिस्ताकडे वळले त्याची सुरुवात पाहा. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका सहप्रवाशाशी त्यांची गाठ पडली. तो गृहस्थ सभ्यपणे बोलला, काव्यावर गप्पा झाल्या, आणि उतरण्यापूर्वी त्याने नव्या कराराची प्रत त्यांच्या हाती दिली. टिळकांनी वाचायला घेतली आणि डोंगरावरच्या प्रवचनाशी ते अडले. 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.  समोरच्या ब्राह्मण कवीला ज्यात रस होता त्यावर तो प्रवासी आधी बोलला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

टिळकांचंच पुढचं एक पाऊल सांगतो, कारण ते मंडळीच्या आतल्या सोयीबद्दल आहे. 1917 मध्ये, वय उताराला लागलेलं असताना, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. 1919 मध्ये ते गेले, दरबार फार काळ चालला नाही. तरी मला तो अपयशी वाटत नाही. मिशनच्या छायेत ख्रिस्ती समाज आपल्याच लोकांपासून तुटतो आहे हे त्यांनी ओळखलं होतं, आणि आपल्याकडे शंभर वर्षांनंतरही तो प्रश्न तसाच पडून आहे.

इथे मला जोर देऊन एक इशारा द्यायचा आहे. विश्वासाचं पाऊल म्हणून माणसं जे करतात त्यातलं पुष्कळ घातक असतं. आईची रक्तदाबाची गोळी बंद करणं, मुलीच्या फीचे पैसे दानात टाकणं, मंडळीच्या बांधकामासाठी सावकाराकडून कर्ज काढणं, बायकोला न विचारता नोकरी सोडणं. असं पाऊल उचलण्याआधी एकच प्रश्न विचारा: यात गैरसोय कुणाची होणार आहे? माझी होणार असेल तर प्रार्थना करून पुढे जावं. घरातल्या दुसऱ्या कुणाची होणार असेल तर त्या माणसाच्या होकाराशिवाय ते पाऊल तुमचं नाही. रेव्हरंड टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचं ‘स्मृतिचित्रे’ प्रत्येक उत्साही ख्रिस्ती पुरुषाने वाचावं ते यासाठी. नवऱ्याच्या ख्रिस्ती होण्याच्या निर्णयाने त्या बाईवर काय कोसळलं, किती वर्षं ताटातूट झाली, हे त्यात आहे. त्याच पुस्तकात दुसरीही शिकवण आहे. कडक सोवळ्याच्या घरात वाढलेल्या लक्ष्मीबाई एका दिवसात बदलल्या नाहीत. नवऱ्याकडे नगरला आल्या तरी आधी आपली चूल वेगळी ठेवली. मग एकेक बंधन सुटत गेलं आणि 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पुढे त्यांनीच लिहीत नेलं, शाळेचं शिक्षण नसताना. त्यांना कुणी ढकललं असतं तर त्या पहिल्याच पायरीवर मोडल्या असत्या. तुमच्या घरात, मंडळीत कुणी सावकाश येत असेल तर त्याला त्याच्या चालीने येऊ द्या.

कागदोपत्री धर्माचा प्रश्नही याच मापाने मोजा. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीचा दर्जा नाही. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना तो मिळाला, आपल्याला नाही. मराठवाड्यात अनेक विश्वासणारे यामुळे गप्प राहतात. लेकराची शिष्यवृत्ती, वसतिगृह, नोकरी यांचा तो प्रश्न आहे, आणि ज्याचं पोट भरलेलं आहे त्याने मंचावरून त्यांना भित्रं म्हणू नये. त्या कुटुंबाजवळ बसा, कायदा नीट समजून घ्यायला मदत करा. निर्णय त्यांचा.

आता सगळ्यात अवघड दार. ते मंडळीच्या आत आहे. आपल्याकडे कोणत्या समाजातून कोण आलं हे सगळ्यांना पाठ असतं. प्रभुभोजनाला एकत्र बसणारी माणसं सोयरीक जुळवताना वेगळी होतात. आपल्याच मराठवाड्यात, जालन्याजवळ, एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल नावाची वसाहत उभी केली. 1843 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा ब्राह्मण माणूस निजामाच्या मुलखात आला, सरकारकडून जमीन मिळवली आणि मातंग व महार समाजातल्या ख्रिस्ती कुटुंबांमध्ये राहून काम केलं. त्याच्या काळात हे काय धाडस होतं याची कल्पना करा. आपल्यापुढचं काम त्या मानाने लहान आहे. मंडळीतल्या ज्या घरी तुम्ही कधी जेवला नाहीत तिथे जेवायला जा, आणि परत त्यांना तुमच्या घरी, रोजच्या ताटवाटीत जेवायला बोलवा. पाळक कुटुंबाने यात पुढे व्हावं. पेत्रालाही यहूदी नसलेल्या कर्नेल्याच्या उंबऱ्याच्या आत जायला आधी याफोच्या गच्चीवर तीनदा तोच दृष्टान्त पाहावा लागला होता, प्रेषितांची कृत्ये, दहावा अध्याय. शिष्य होऊन वर्षं लोटल्यावरही त्याला हे नव्याने शिकावं लागलं.

ज्यांना एक ठरलेलं काम हवं आहे त्यांना मी नांदेडच्या विष्णुपुरीतलं सरकारी रुग्णालय सुचवतो. लोह्याहून रस्ता सरळ आहे आणि आपल्या तालुक्यातले रुग्ण तिथेच जातात. आत रुग्णाची व्यवस्था डॉक्टर बघतात, बाहेर बसलेल्या नातेवाइकाकडे कुणी बघत नाही. कुठला कागद कुठे द्यायचा, रक्त कुठून आणायचं, रात्रीचं जेवण कुठे मिळेल, फोन कुठे चार्ज करायचा, यात माणूस हैराण होतो. दोघं मिळून जा, बायका असतील तर दिवसा. ‘जेवलात का?’ इथून सुरुवात करा. रक्तदान करता येत असेल तर पेढीत नाव नोंदवून ठेवा. कुणाच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना करू नका. त्यांनी प्रार्थना करायला सांगितली तरच करा आणि हळू आवाजात. कुणी नाव-गाव विचारलं तर लपवू नका, ख्रिस्ती आहोत म्हणून सरळ सांगा. मदतीच्या बदल्यात कुणाला उपासनेला बोलवायचं नाही, ही अट आपल्या आपण घालून घ्या आणि मंडळीत जाहीर करा. संविधानाचं 25 वं कलम आपल्याला धर्म मानण्याचं, पाळण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतं. पण गरजू माणसाच्या अडचणीवर उभा केलेला प्रसार कायद्याआधी प्रभूच्याच नजरेत उतरलेला असतो. हल्ली अफवा लवकर पसरतात, तेव्हा जे कराल ते उजेडात करा, शेजाऱ्यांना ठाऊक असू द्या, पैशाचा हिशेब लिहून ठेवा.

बायकांना विष्णुपुरीला जाणं जमणार नसेल तर बचत गट आहे. हिंदू, बौद्ध, मुसलमान शेजारणींच्या गटात जा. तिथे प्रार्थनासभा भरवायची नाही. कर्जाच्या नोंदी चोख ठेवा, जिचा हप्ता चुकला तिची चारचौघींत अब्रू जाणार नाही असं वागा. चोख हिशेबाची आणि कमी बोलणारी बाई म्हणून एकदा नाव झालं की अडचणीच्या वेळी लोक तुमचं दार शोधत येतात.

दार उघडलं नाही तर? काही घरी चहा येणार नाही, कुणी तोंडावर टाकून बोलेल. वाद घालू नका, त्या घराबद्दल मंडळीत येऊन गाऱ्हाणं मांडू नका, नाहीतर आपल्याच माणसांच्या मनात भीती भरते. दुसरं घर निवडा, पहिल्यासाठी प्रार्थना चालू ठेवा. आणि थकवा आला तर विसावा घ्या, प्रभूसुद्धा गर्दी सोडून एकांतात जात असे.

वेळेचंही ठरवून घ्या. पेरणीच्या आणि काढणीच्या धांदलीत नवं काही सुरू करू नका, अर्धवट सुटतं. सोयाबीन घरात आलं, हात जरा मोकळे झाले की सुरुवात करावी आणि पुनरुत्थानाच्या सणापर्यंत एकच घर, एकच काम धरून राहावं. मंडळीतल्या एका विश्वासू माणसाला ते सांगून ठेवा, म्हणजे पंधरा दिवसांनी तो विचारेल, ‘काय हो, गेला होता का तिकडं?’